दुसरा-चौथा शनिवार, चौकशी खिडकीसमोर : विभक्त पालकांच्या दोन मुलांच्या ताब्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सासर यवतमाळ जिल्ह्यात, माहेर वर्धा जिल्ह्यात. मध्ये वर्धा नदी आणि सत्तरेक किलोमीटर. थेट एसटी नाही. तालुक्याच्या स्थानकावर उतरून दुसरी गाडी धरावी लागते आणि गावाकडे जाणारी शेवटची गाडी पावणेसहाला सुटते. हे आधी सांगायचं कारण असं, की पुढची निम्मी भांडणं या गाडीवरूनच झाली. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

वडिलांकडे पाच एकर कोरडवाहू : तीन एकर कपाशी, दोन एकर सोयाबीन आणि तूर. हंगामात ते दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. आई बारावी शिकलेली, शिवणकाम करते, कापसाच्या दिवसांत किलोच्या भावाने वेचणीलाही जाते. लग्नाला अकरा वर्षं झालेली. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. मुलगी तीन वर्षं दहा महिन्यांची.

भांडणाचं मूळ कर्जात होतं. दोन हंगामांच्या पेरणीसाठी आईचे दागिने सावकाराकडे गहाण पडले आणि सुटले नाहीत. त्यावरून बोलाचाली आणि दोनदा मारहाण. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई मुलीला घेऊन माहेरी निघाली. मुलगा शाळेत होता. "त्याची शाळा हाय, दिवाळीत धाडू," असं आजोबा म्हणाले आणि आईने ते मानलं. मुलं वेगळी झाली ती अशी, कुणी ठरवून नव्हे.

समस्या

दसऱ्याला दोन्ही गावांतले मोठे लोक बसले. पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहिलं गेलं : "मुलगा वडिलांकडे व मुलगी आईकडे राहील. उभयतांनी सवडीने मुलांना भेटावे." खाली सह्या, अंगठे, पाच साक्षीदार.

दिवाळीला वडील चार दिवसांसाठी मुलीला घेऊन गेले आणि एकोणीस दिवस तिला परत आणलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "कागदावर किती दिवस ते कुठं लिवलं हाय?" आणि खरंच, कागदावर ते नव्हतं. आईचे दोन भाऊ मुलीला आणायला गेले, झटापट झाली, पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली. मुलगी परत आली ती पोलिसांच्या समोर, रडत. त्यानंतर बरेच दिवस ती खाकी कपड्यातला माणूस दिसला की मामाच्या मागे लपायची. मुलगा तर आईला तीन महिने भेटलाच नाही.

त्या कागदाला कायद्याने फारशी किंमत नव्हती. पालकांनी आपसात काय लिहून घेतलं याने न्यायालय बांधलं जात नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 13 नुसार मुलाचं हित सर्वांत वर. पण खरी अडचण त्या कागदाच्या कायदेशीर वजनापेक्षा "सवडीने" या एका शब्दात होती. सवड कुणाची, किती, कुठे, कुणी आणायचं, कुणी पोचवायचं? नांदत्या घरात हा शब्द चालून जातो. विभक्त घरात त्याचा अर्थ ज्याच्या हातात मूल आहे तो ठरवतो.

आजोबांना मुलगा जवळ हवा होता त्यामागे सातबाराची भीती होती, हे मध्यस्थीत फार उशिरा बाहेर आलं. मुलगा आईकडे गेला तर "वारस गेला" असं त्यांना वाटत होतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी दोघंही जन्माने सहदायाद, म्हणजे वाटेकरी, असतात. कुठे राहतात, कुणाकडे वाढतात याने त्यात फरक पडत नाही. दहा मिनिटांत समजावता येणारी ही गोष्ट पाच महिने कुणी समजावली नाही.

कोणते मार्ग समोर होते

आई तालुका विधी सेवा समितीकडे गेली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वकील नेमून मिळाल्यावर पुढील वाटा तपासल्या गेल्या.

पहिली, पोलीस तक्रार. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 85, म्हणजे पूर्वीचं 498-अ. मारहाण झाली होती, त्यामुळे आधार होता. पण या कलमाने मूल मिळत नाही. शिवाय सासू-सासरे आरोपी झाले की मुलगा ज्या घरात राहतो त्या घराशी बोलणंच बंद होतं. आईने हा मार्ग बाजूला ठेवला. सोडून दिला नाही.

दुसरी, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस) याचिका, म्हणजे अडवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी. पालकाने मूल बेकायदा अडवून ठेवलं असेल तर ती चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण सविस्तर चौकशी लागणार असेल तर दिवाणी मार्गानेच जावं लागतं. इथे मुलगा पाचच्या वर, स्वतःच्या वडिलांजवळ, आईच्याच संमतीने मागे राहिलेला. खर्च होऊन हाती काही लागलं नसतं.

तिसरी, पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली जिल्हा न्यायालयात अर्ज. ताब्याचा कायम निकाल देणारा हा नेमका कायदा. पण कलम 9 प्रमाणे अर्ज मूल जिथे नेहमी राहतं त्या जिल्ह्यातच करावा लागतो. मुलाचा अर्ज यवतमाळला, मुलीबद्दल वडील काही मागतील तर वर्ध्याला : एकाच घराची दोन मुलं, दोन जिल्हे, दोन तारखा. दर तारखेला आईची दिवसाची मजुरी बुडणार आणि लहान मुलगी कुणाजवळ ठेवायची हा प्रश्न वेगळाच.

चौथी, कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, 2005 खाली तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कलम 27 मुळे बाई जिथे तात्पुरती राहते तिथेही तो करता येतो. स्त्रीधन काढून घेणं ही या कायद्यात आर्थिक हिंसा आहे. कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा आणि समोरच्याच्या भेटी, कलम 23 खाली अंतरिम आदेश. उणीव एकच : ताबा तात्पुरता असतो.

निवड चौथीची झाली. घाई कशाची आहे, हे पाहून ती झाली. त्या क्षणी घाई होती मुलाला आई दिसण्याची; कायम ताब्याची नव्हती. वकील मंडळी पुष्कळदा उलट करतात : आधी मोठा दावा आणि भेटीची मागणी अर्जातल्या मागण्यांत सर्वांत शेवटी.

काय केलं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संरक्षण अधिकाऱ्यामार्फत घरगुती घटना अहवाल तयार झाला आणि अर्ज दाखल झाला. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं आहे. इथे नोटीस बजावण्यातच सव्वा महिना गेला, कारण वडील वेचणीच्या दिवसांत पहाटेच शेतावर जात आणि घरचे लोक नोटीस घेत नसत.

पोटगीसाठी दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं शपथपत्र दिलं. नोव्हेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते बंधनकारक आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत या नमुन्यातला महिन्याच्या उत्पन्नाचा रकाना फसवा असतो. वडिलांनी तिथे शून्य लिहिलं, आईच्या वकिलाने कापूस विक्रीच्या पावत्या मागितल्या. दोघंही आपापल्या जागी खरे होते. ही गोष्ट पुढे पुन्हा वर आली.

फेब्रुवारीत दंडाधिकाऱ्यांनी मुलाशी आपल्या दालनात एकट्याशी बोलणं केलं. तो आधी पाठ केल्यासारखं म्हणाला, "मले आजीजवळच राहाचं हाय." शाळेबद्दल, बैलांबद्दल थोडं बोलणं झाल्यावर त्याने विचारलं, "लहानीले बी इथंच आणता येते का?" त्याला घर निवडायचं नव्हतं; बहीण हवी होती. अंतरिम आदेशावर या वाक्याचा परिणाम दिसतो.

मुलगी आईकडे. मुलगा वार्षिक परीक्षा होईपर्यंत वडिलांकडे, म्हणजे शाळा मध्येच तुटणार नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी मुलगा आईकडे. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी अकरा ते दुपारी चार मुलगी वडिलांना भेटेल, रात्री राहणार नाही, आणि त्या वेळी वडिलांनी मुलाला सोबत आणायचं. त्यामुळे भावंडांची महिन्यातून चारदा गाठ पडू लागली. दोन्ही मुलांसाठी मिळून महिना 4,000 रुपये.

भेट कुठे घडवायची यावर एक पूर्ण तारीख खर्ची पडली. पोलीस ठाणं मुलीच्या भीतीमुळे बाद. आईचं घर नको, कारण मामा आणि वडील समोरासमोर आले की तोंड सुटतं. ग्रामपंचायत शनिवारी बंद. अखेर तालुक्याच्या बसस्थानकावरची चौकशी खिडकी ठरली : सावली आहे, पिण्याचं पाणी आहे, माणसांची वर्दळ आहे आणि दोन्ही गाड्या तिथेच लागतात. दिवसाची भेट आत्याच्या घरी, स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर.

एप्रिलमध्ये मध्यस्थी झाली आणि तडजोड पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन, लिहिली गेली. "सवडीने" या शब्दाची जागा पुढच्या मजकुराने घेतली. शब्द थोडे सोपे केले आहेत :

जूनपासून दोन्ही मुलं आईकडे. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, दुपारी एक वाजता आई मुलांना चौकशी खिडकीसमोर आणेल. रविवारी साडेचार वाजता वडील तिथेच परत आणतील. गाडी उशिरा असेल तर तासभर थांबायचं, फोन करायचा. पाऊस किंवा नाल्याचा पूर यामुळे भेट चुकली तर पुढचा शनिवार आपोआप त्याऐवजी धरायचा. नुसतंच कुणी आलं नाही तर भेट गेली. दोन्ही बाजूंनी एकेकच माणूस यायचा. मुलांच्या तोंडून निरोप पाठवायचे नाहीत.

प्रवासखर्चाचा हिशेबही लिहिला. पाच वर्षांखालच्या मुलीला तिकीट नाही, मुलाला अर्धं, आणि मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांनाही अर्धं. म्हणून आणण्याचा खर्च आईचा, नेण्या-पोचवण्याचा वडिलांचा. क्षुल्लक वाटतं; पण हे लिहिलेलं नसलं की तिसऱ्या महिन्यात "माझ्याजवळ भाड्याले पैसे नाही" हे कारण हमखास येतं.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये भेटीच्या हक्काच्या जोडीला असा संपर्काचा हक्कही मानला आहे. वडिलांच्या घरात नेटवर्क मिळत नव्हतं, गावातल्या पाण्याच्या टाकीजवळ मिळायचं. तेही कलमात लिहिलं, म्हणजे "फोन उचलला नाही" हा आरोप टळला.

मुलीच्या मुक्कामाच्या पायऱ्या ठरल्या. मे महिन्यात आधी दोन रात्री, मग चार, दोन्ही वेळा भावासोबत. जुलैपासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारची रात्र. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. त्याचा फायदा घेऊन पुढच्या वर्षांसाठी वडिलांकडे दोन मुक्काम ठेवले : मेच्या सुरुवातीला दहा दिवस आणि जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर दहा दिवस. दुसरा मुक्काम मुलाने मागितला होता.

सणांवर दोन्ही वकिलांचा सुरुवातीचा मसुदा "एक वर्ष याचं, एक वर्ष तिचं" असा होता. मध्यस्थांनी तो मोडला, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय. पोळा आणि तान्हा पोळा दर वर्षी वडिलांकडे, कारण बैल तिथे आहेत आणि मुलाचा लाकडी नंदीही तिथेच आहे. त्या बदल्यात लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत दर वर्षी आईकडे, कारण मामा तिथे. मोजून पाहिलं तर वाटणी सारखी नाही. तिच्यावर वाद मात्र एकदाही झाला नाही.

कुठे अडलं

पहिली अडचण शाळेची. मुख्याध्यापक मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला द्यायला तयार नव्हते. वडिलांची सही हवी म्हणाले. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 5 नुसार दाखला लगेच द्यायचा असतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तरी मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. आईबाप भांडत असताना एकाच्या सांगण्यावर मूल काढून दिलं की उद्या दुसरा दारात उभा राहतो. आदेशाची प्रमाणित प्रत आणि वडिलांचं दोन ओळींचं संमतीपत्र दिल्यावर काम त्याच दिवशी झालं. पाचवीचा प्रवेश मात्र दाखल्याची वाट न पाहता आधीच घेतला होता.

दुसरी, नोव्हेंबरात पोटगी थांबली. कापूस घरात, भावासाठी रोखलेला, हातात पैसा नाही. दोन महिने पैसे आले नाहीत तेव्हा आईने मुलांना चौकशी खिडकीवर नेणं बंद केलं. या प्रकारच्या प्रकरणांत ही सर्वांत नेहमीची चूक आहे. पोटगी हा मुलांचा हक्क आणि बापाची भेट हाही मुलांचा हक्क. एक थकला म्हणून दुसरा अडवता येत नाही. थकबाकी वसूल करायची तर तिची वाट वेगळी आहे. भेटी अडवल्याने झालं एवढंच, की पुढच्या तारखेला थकबाकीदार वडिलांऐवजी आदेश मोडणारी आई न्यायालयासमोर उभी राहिली.

उपाय रकमेत सापडला नाही, तारखेत सापडला. वर्षाचे 48,000 तेच ठेवले. दरमहा 4,000 ऐवजी 2,000, म्हणजे 24,000. उरलेले 24,000 दोन हप्त्यांत, 15 जानेवारी आणि 31 मार्चपर्यंत 12,000 प्रत्येकी, म्हणजे कापूस आणि तूर विकली गेल्यावर. पैसे आईच्या बँक खात्यातच. पुढचे दोन्ही हप्ते वेळेवर आले.

तिसरी अडचण त्याआधीचीच, पण ती वडिलांच्या मनात सुरू झाली होती. मुलगी नोव्हेंबरात पाच वर्षांची होणार होती आणि गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की पाच झाली की मूल आपोआप बापाचं. 1956 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, एवढंच म्हटलं आहे. पाचव्या वाढदिवशी काही उलटत नाही. तेव्हाही पाहायचं ते मुलाचं हितच. वडिलांच्या वकिलाने हे त्यांना स्वतः सांगितलं म्हणून एक नवा दावा टळला. आईच्या बाजूने सांगितलं असतं तर पटलं नसतं.

निष्पत्ती

वेगळं राहायला वर्ष झाल्यावर, ऑक्टोबरात, हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 13-ब खाली संमतीने घटस्फोटाचा अर्ज झाला. सहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये, हुकूमनामा. पुरसीसमधला मजकूर, हप्त्यांची नवी रचना धरून, त्यात जसाच्या तसा उतरला. याचा फायदा दुहेरी : मोडला तर अंमलबजावणीची दरखास्त करता येते, आणि परिस्थिती बदलली तर कलम 26 खाली ताबा, भेटी, मुलांचा खर्च यांत बदल मागता येतो. वडिलांच्या बाजूने एकरकमी एक लाख देऊन मुलांची पोटगी कायमची संपवण्याचा प्रस्ताव आला होता. आई स्वतःचा हक्क सोडू शकली असती, मुलांचा नाही. म्हणून तो नाकारला.

पहिल्या वर्षात मुलं आईकडे आल्यापासून ठरलेल्या भेटींपैकी चार चुकल्या. दोन नाल्याच्या पुरामुळे, त्या पुढच्या शनिवारी भरून निघाल्या. दोन आईने अडवलेल्या. मुलगी आता गाडीत बसताना रडत नाही. आधी रडायची तेव्हा लक्षात आलं होतं, की निरोप पंधरा-वीस मिनिटं लांबला की रडणं वाढतं. मग आई पिशवी हातात देऊन दोन मिनिटांत मागे फिरू लागली. पिशवीत दोन जोड कपडे, औषध, एक वही. मुलगा पाचवीत पहिले तीन महिने मागे पडला, नंतर सावरला.

काय वेगळं करता आलं असतं

तान्ह्या पोळ्यानंतर मुलाला "दिवाळीपर्यंत" मागे ठेवणं हा पहिला वळणबिंदू. शाळेसाठी ते बरोबर होतं. पण त्याच आठवड्यात तारखा लिहून घ्यायला हव्या होत्या. मूल जिथे काही महिने राहिलं तिथेच त्याचं बस्तान आहे असं न्यायालयाला वाटू लागतं, आणि पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 9 मुळे जिल्हाही तोच ठरतो.

गावच्या बैठकीला नावं ठेवायची गरज नाही. तीच माणसं, तोच दिवस, पण कागद विधी सेवा समितीपुढे दावापूर्व (दावा दाखल होण्याआधीचं) प्रकरण म्हणून नेऊन लोकअदालतीत निवाडा करून घेतला असता तर त्याला हुकूमनाम्याची ताकद आली असती. मोफत सल्ल्याचा 15100 हा क्रमांक तेव्हा बैठकीतल्या कुणालाच माहीत नव्हता.

आजोबांना मध्यस्थीच्या पहिल्याच बैठकीला बसवायला हवं होतं. पक्षकार नवरा-बायको असले, तरी मुलगा सोडायचा की नाही हे त्या घरात आजोबा ठरवत होते. चौथ्या बैठकीला ते आले आणि सातबाराची गोष्ट निघाली.

हुकूमनाम्यात एक जागा मोकळी राहिली आहे. मुलांचं जात प्रमाणपत्र वडिलांच्या बाजूच्या कागदांवरून निघतं. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे पणजोबांचा दाखला किंवा कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल. ते कागद वडिलांनी कधीपर्यंत द्यायचे याची ओळ कुणीच घातली नाही. कोतवाल बुकाची नक्कल आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. आईने या जूनच्या मुक्कामाआधी ती लेखी मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.